आयकॉन एकसारखे केले आणि लोक चुकीचं ॲप उघडू लागले: कुठे तपासायचं, काय बदलायचं

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "नवे आयकॉन छान आहेत हो, पण हिशेबाचं ॲप उघडायला जातो आणि साठ्याचं उघडतं." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा "होईल सवय" म्हणून मी मोकळा झालो. महिन्याभराने तोच माणूस तेच सांगत आला, तेव्हा मात्र ओशाळलो.

प्रकरण साधं होतं. एका कंपनीची चार ॲप्स: ऑर्डर, साठा, हिशेब आणि अहवाल. प्रत्येकाचा आयकॉन वेगळ्या वर्षी वेगळ्या माणसाने केलेला, त्यामुळे चारही शेजारी ठेवले की एकाच बाकावर बसलेले चार अनोळखी प्रवासी वाटायचे. आम्ही ते नव्याने केले. तोच गडद निळा चौकोन, त्यावर एकाच जाडीच्या पांढऱ्या रेषेतलं चित्र, खालच्या कोपऱ्यात कंपनीचा इवलासा लोगो. सादरीकरणात चारही ओळीने लावले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. घात त्या स्लाइडनेच केला. पडद्यावर प्रत्येक आयकॉन ताटाएवढा होता आणि खाली ठळक अक्षरांत नाव. फोनवर त्याच आयकॉनला जेमतेम एक सेंटिमीटर जागा मिळते आणि नाव वाचायला कुणी थांबत नाही.

त्यानंतर हेच दुखणं मी आणखी दोनदा दोन वेगळ्या ठिकाणी पाहिलं. आता कुणी "सगळे आयकॉन एका कुटुंबातले वाटायला हवेत" म्हणालं की मी खालच्या क्रमाने जातो.

कुरकुर आहे की खरी गल्लत?

आयकॉन बदलला की आरडाओरडा होतोच. २०१६च्या मे महिन्यात इन्स्टाग्रामने जुना तपकिरी कॅमेरा काढून रंगीत ग्रेडियंटवर (एकमेकांत विरत जाणाऱ्या रंगांवर) पांढरा कॅमेरा आणला, तेव्हा लोकांनी भरपूर नावं ठेवली. पण त्या ओरडण्याचा मुख्य सूर "आवडलं नाही" असा होता. कॅमेरा जागेवर होता, रंग शेजारच्यांत उठून दिसत होता आणि गल्लत व्हायला भावंडं आसपास नव्हती. अशी कुरकुर ओसरू द्यावी.

"सापडत नाही", "दुसरंच उघडलं", "नाव वाचावं लागतं" ही वाक्यं वेगळी. ती आली तर सवयीच्या भरवशावर बसू नका.

मोजायचीही सोय आहे. एकाच खात्याने दोन्ही ॲप्समध्ये लॉगिन असेल तर हे शोधा: एक ॲप उघडलं, तीन-चार सेकंदांत काहीही न करता बंद केलं आणि लगेच भावंड उघडलं. हा सरळ चुकीचा टॅप. अर्थात वापरकर्त्यांनी अशा नोंदींना परवानगी दिलेली असली तरच. बदलाच्या आधीच्या काही आठवड्यांचा आकडा काढून ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार? आणि पहिला आठवडा सोडून चौथा पाहा. नवेपणाची चूक तोवर उतरते, रचनेतली चूक उतरत नाही.

हे जमत नसेल तर कुणाच्या तरी शेजारी बसा आणि "हिशेब उघडून दाखवा" म्हणा. अंगठ्याकडे पाहा. अंगठा आयकॉनवर येऊन क्षणभर अडखळला, तर तो माणूस नाव वाचतोय. आयफोनच्या डॉकमध्ये, म्हणजे सगळ्यात खालच्या पट्टीत, तर नावही दिसत नाही.

डोळा नेमकं काय शोधतो

ॲन ट्रीसमन आणि गॅरी जेलाड या मानसशास्त्रज्ञांनी १९८०मध्ये मांडलेला सिद्धांत इथे फार उपयोगी पडतो. त्याचा गाभा असा: शोधायची वस्तू एकाच ठळक गुणाने वेगळी असेल, म्हणजे हिरव्यांच्या गर्दीत एकच लाल, तर गर्दी कितीही वाढो, ती वस्तू आपोआप डोळ्यात भरते. पण ती दोन गुण जोडूनच ओळखता येत असेल, म्हणजे "लाल आणि उभी", आणि आसपास लाल आडव्या व हिरव्या उभ्या दोन्ही असतील, तर नजर एकेका वस्तूवर जाते. गर्दी वाढेल तसा वेळही वाढतो.

होम स्क्रीनवर हेच घडतं. आपण "हिशेबाचं ॲप" शोधत नसतो, "ती हिरवी गोष्ट, खाली डावीकडे" शोधत असतो. आमच्या चार ॲप्समध्ये रंग एक, चौकोन एक, रेषेची जाडी एक. वेगळं होतं ते रेषेच्या आतलं बारीक चित्र, म्हणजे डोळा सगळ्यात शेवटी पाहतो ती गोष्ट. त्यात निळा! होम स्क्रीनवर निळ्याची गर्दी आधीच इतकी की आमचे चार त्यात विरघळून गेले.

माझं मत या अनुभवांवरून बनलेलं आहे. ब्रँड आणि ओळख यांचं मुळात भांडण नाही. ब्रँडने डोळ्याचं शोधण्याचं साधन स्वतःच्या ताब्यात घेतलं की भांडण सुरू होतं. एका घरातल्या सगळ्यांचं आडनाव एकच असतं, पण हाक मारताना कुणी आडनावाने मारत नाही. आयकॉनमध्ये आडनाव कुठे लिहायचं आणि नाव कुठे, एवढं ठरवायचं असतं. आम्ही रंगावर आडनाव लिहून बसलो होतो.

मोठ्यांच्या घरातही हेच

ऑक्टोबर २०२०मध्ये गूगलने आपल्या ऑफिसच्या ॲप्सच्या संचाचं, म्हणजे जी स्वीटचं, नाव वर्कस्पेस केलं आणि जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट यांचे आयकॉन निळा-लाल-पिवळा-हिरवा या घरच्या चार रंगांत आणले. त्याआधी कॅलेंडर निळं होतं, मीट हिरवं, जीमेलचं पाकीट लाल-पांढरं. बदलानंतर ब्राउझरच्या टॅबमध्ये कोणतं काय हे कळत नाही, अशी तक्रार सगळीकडून आली. कारण वर सांगितलेलंच: प्रत्येकात सगळेच रंग, म्हणजे रंगाने वेगळं कुणीच नाही. शिवाय आकार जाड पट्ट्यांचे आणि मधून पोकळ, त्यामुळे बारीक झाल्यावर रंगीत तुकडे तेवढे उरतात. त्याच घरातल्या डॉक्स, शीट्स आणि स्लाइड्सचे निळा, हिरवा, पिवळा हे एकेकटे रंग त्या फेरीत तसेच राहिले होते.

ॲडोबीने २०२०मध्ये रंग ॲपनुसार न ठेवता कामाच्या प्रकारानुसार लावले. त्यामुळे प्रीमियर प्रो आणि आफ्टर इफेक्ट्स दोन्ही एकाच जांभळ्यात आले, आणि फरक आयकॉनवरच्या दोन अक्षरांपुरता राहिला. व्हिडिओ संपादन करणारा माणूस ही दोन्ही ॲप्स दिवसभर शेजारी शेजारी उघडी ठेवतो. म्हणजे ज्या जोडीला वेगळेपण सगळ्यात जास्त हवं, तिचंच काढून घेतलं. तर्कशुद्ध वर्गीकरण आणि वापरातली सोय या दोन गोष्टी एकच नव्हेत, याचं हे मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण.

उलट बाजूही पाहा. आयफोनवर फोन, मेसेजेस आणि फेसटाइम तिन्ही हिरवे, तिन्हींवर पांढरं चित्र. तरी बहुतेकांचं भागतं, कारण रिसीव्हर, बोलण्याचा फुगा आणि कॅमेरा यांच्या छायाकृती, म्हणजे नुसते बाह्य आकार, एकमेकींपासून लांब आहेत आणि आतून भरलेल्या आहेत. (मी स्वतः घाईत मेसेजेसऐवजी फोन उघडतो ते सोडा.) मायक्रोसॉफ्टने २०१८च्या अखेरीस ऑफिसचे आयकॉन बदलताना अक्षराचा वाटा कमी केला, चित्राचा वाढवला, पण वर्ड निळा, एक्सेल हिरवा आणि पॉवरपॉइंट नारिंगी हे जमलेलं नातं मोडलं नाही. पाच रेषा इकडच्या तिकडे झाल्या तरी एक्सेल हिरवाच राहिला.

चार तपासण्या, पैकी एक फार महत्त्वाची

पहिल्या तीन झटपट उरकतात. आयकॉन धूसर करून पाहा. आकार घटवून १६ बाय १६ पिक्सेल करून पाहा, कारण फेविकॉन (ब्राउझरच्या टॅबमधला आयकॉन) तेवढाच असतो. आणि चारच आयकॉन एकत्र न पाहता खऱ्या, गजबजलेल्या होम स्क्रीनच्या चित्रात बसवून पाहा. वॉलपेपर एकदा काळोखा, एकदा भडक.

चौथी म्हणजे रंग काढून टाकणं, आणि ती टाळून आता चालत नाही. पूर्वी ही तपासणी रंगांधत्वासाठी करायची (उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे सुमारे ८ टक्के असतात, म्हणजे हा किरकोळ मामला मुळीच नाही). पण आता खुद्द फोनच रंग काढून घेतो. अँड्रॉइड १३ने २०२२मध्ये थीमनुसार रंगणारे आयकॉन आणले, त्यांना तेव्हा वेगळा एकरंगी थर द्यावा लागायचा. आयओएस १८ने २०२४मध्ये गडद आणि एका छटेत रंगवलेले आयकॉन आणले. वापरकर्त्याने ती सोय चालू केली की तुमचा लाडका ब्रँडचा निळा गेला, शेजारच्याचा लालही गेला आणि सगळे एका माळेचे मणी झाले. तिथे उरते फक्त छायाकृती.

म्हणून आता माझा क्रम असा असतो: आधी काळ्या-पांढऱ्यात चारही छायाकृती वेगळ्या करायच्या, मग रंग. आमच्या आयकॉनमध्ये ऑर्डर म्हणजे कागद, हिशेब म्हणजे कागद आणि अहवालही कागदच होता, कुणावर टिकमार्क, कुणावर आकडे, कुणावर आलेख. रंग काढल्यावर तीन कागद उरले. रंगीत स्लाइडवर हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

दुरुस्ती

पेन्सिल उचलण्याआधी एक प्रश्न: यातली कोणती ॲप्स एकाच फोनवर एकत्र राहतात? कागदावर जोड्या लिहा. ग्राहकांचं ॲप आणि कर्मचाऱ्यांचं ॲप एका फोनवर जवळपास कधीच नसतं, मग ती दोन खुशाल सारखी दिसू देत. आमच्याकडे साठा आणि हिशेब ही जोडी जवळपास प्रत्येकाकडे होती आणि तक्रारीही नेमक्या तिच्याच. अहवाल मोजक्या वरिष्ठांकडे. म्हणजे चारही आयकॉन एकमेकांपासून सारख्या अंतरावर नेण्याची गरज नव्हती. वेगळेपण जिथे खर्चायचं तिथेच खर्चा.

मग आडनावाच्या जागा ठरवा. कोपऱ्यांची गोलाई, रेषेची जाडी, प्रकाश कुठून येतो ती दिशा, चित्र किती अंशांत कललं आहे तो कोन, एखादा ठरावीक तिरका छेद. डोळा या गोष्टींवरून शोध घेत नाही, पण चार आयकॉन शेजारी आले की "एका हातचे" हे त्याला कळतं. यातल्या दोन, फार तर तीन निवडा. सगळ्याच घेतल्या तर पुन्हा पहिल्या जागी याल.

नावासाठी मुख्य रंग आणि छायाकृती हे दोन राखून ठेवा. प्रत्येक आयकॉनला एकच मुख्य रंग, आणि ब्रँडच्या रंगपेटीतले रंग निवडताना केवळ छटा वेगळी असून भागत नाही, उजळपणाही वेगळा हवा. सारखेच उजळ असलेले हिरवा आणि लाल करड्यात एक होऊन बसतात. चित्र पोकळ रेषेतलं असेल तर भरीव करून पाहा. नुसता एवढा बदल अर्धं दुखणं कमी करतो. चित्र आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान ३:१ कॉन्ट्रास्ट (उजळपणातला फरक) ठेवा. वेबच्या सुलभतेच्या निकषांत चित्रचिन्हांसाठी हाच आकडा आहे आणि इथेही तो चालतो.

"रंग एकच हवा, त्यावर चर्चा नाही" असं वरून आलं तर? तरी वाट आहे. सगळ्यात जास्त वापराच्या ॲपमध्ये रंग उलटे करा: पांढऱ्यावर निळं चित्र, बाकीच्यांत निळ्यावर पांढरं. किंवा चौकोन छेदून अर्धा ब्रँडचा रंग, अर्धा त्या ॲपचा. हे पर्याय तडजोडीचे आहेत, पहिल्या पसंतीचे नव्हेत, पण गप्प बसण्यापेक्षा बरे.

कोपऱ्यातल्या लोगोबद्दल माझं मत कडवं आहे: काढा. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये आयकॉन २९ पॉइंटांचा (पॉइंट हे तिथलं स्क्रीनवरचं माप) असतो. त्याच्या रुंदीच्या चौथ्या भागाएवढा लोगो म्हणजे साधारण एक मिलिमीटर. त्या आकारात तो लोगो राहत नाही, डाग होतो. वर उजव्या कोपऱ्यात ठेवाल तर न वाचलेल्या सूचनांचा लाल आकडा त्यावर येऊन बसतो, आणि खाली उजवीकडे ठेवाल तर अँड्रॉइडच्या वर्क प्रोफाइलची (ऑफिसच्या ॲप्सच्या वेगळ्या कप्प्याची) बॅग.

अक्षरांच्या आयकॉनचाही विचार होतो. देवनागरीत जरा जपून. शिरोरेषा आणि उभा दंड बहुतेक अक्षरांत असल्याने छायाकृती आधीच एकमेकींजवळ येतात. 'व' आणि 'ब' यांत पोटातल्या एका तिरक्या रेषेचा फरक, आणि लहान आकारात ती रेषा पहिली बुजते. अक्षर घ्यायचंच असेल तर 'ह' किंवा 'ळ' यांच्यासारखं स्वतःचा डौल असलेलं मिळतंय का पाहा.

ब्रँडवाल्यांशी बोलताना

त्यांना चुकीचं ठरवून काही साधत नाही, कारण त्यांचं म्हणणं खोटं नसतं. ऑफिसातल्या संवादाचं ॲप असलेल्या स्लॅकने जानेवारी २०१९मध्ये लोगो बदलला तो नेमका विसंगतीला कंटाळून. जुन्या चिन्हात ११ रंग होते, ते नेमक्या १८ अंशांत कललेलं लागायचं आणि पांढरी पार्श्वभूमी सोडली तर बहुतेक ठिकाणी बिघडायचं. परिणामी वेगवेगळ्या ठिकाणी त्याची वेगवेगळी रूपं तयार झाली होती. विस्कटलेलं घरही लोकांना गोंधळात टाकतंच.

मी बैठकीत मतं मांडत नाही, फोन पुढे करतो. होम स्क्रीनवर चारही आयकॉन टाकून ठेवायचे, जागा अदलाबदल करायच्या आणि म्हणायचं, "हिशेब उघडा बघू." ब्रँडप्रमुखाचा स्वतःचा अंगठा साठ्यावर पडला की पुढचं बोलणं सोपं होतं. हट्ट एकाच गोष्टीचा धरतो: बदल करताना जुन्यातलं काहीतरी एक टिकू द्या, रंग तरी नाहीतर आकार तरी. उबरने २०१६मध्ये दोन्ही एकदम सोडून एक अमूर्त चिन्ह घेतलं आणि २०१८मध्ये परत साध्या शब्दावर आलं.

जुन्याच आयकॉनसाठी हटून बसलेल्यांना आयफोनवर पर्यायी आयकॉनची सोय देता येते, आयओएस १०.३पासून. अँड्रॉइडवर हेच जुगाड ॲक्टिव्हिटी-एलियास (ॲपला उघडण्यासाठी दिलेलं दुसरं नाव-आयकॉन) वापरून होतं, पण काही लाँचरांवर, म्हणजे होम स्क्रीन दाखवणाऱ्या ॲप्सवर, होम स्क्रीनवरचा शॉर्टकटच गायब होतो. मग नवी तक्रार.

सोबत येणारी किरकोळ दुखणी

नोटिफिकेशनमध्ये आयकॉनऐवजी पांढरा किंवा करडा चौकोन दिसतो: रंगीत आयकॉनच तिथे लावलाय. अँड्रॉइड ५.०पासून तिथे फक्त पारदर्शकता वाचली जाते, रंग नाही. अपारदर्शक चौकोन दिलात, चौकोन मिळाला. पारदर्शक पार्श्वभूमीवर एकरंगी चित्र वेगळं द्या.

काही फोनवर चित्राच्या कडा कापल्या जातात: अँड्रॉइड ८पासूनच्या अडॅप्टिव्ह आयकॉनचा (प्रत्येक फोन आपल्या आकारात कापतो तो) थर १०८ डीपीचा (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), पण दिसतो मधला ७२, आणि कोणत्याही आकाराच्या मुखवट्यात हमखास वाचतो तो ६६ डीपी व्यासाचा गोल. चित्र त्यातच बसवा.

अपडेट केलं तरी जुनाच आयकॉन दिसतो: लाँचरने तो साठवून ठेवलेला असतो. फोन बंद करून चालू करा. टीममध्ये कुणी "बदल आलाच नाही" म्हणून ओरडायच्या आत हे सांगून ठेवा.

आमच्या चार ॲप्सचं असं झालं: साठा नारिंगी, त्यावर भरीव खोकं. हिशेब ब्रँडच्या निळ्यातच राहिला, पण त्यावर आकड्यांच्या जागी जाड बेरजेचं चिन्ह आलं. ऑर्डर हिरवी, तिने कागद एकटीने ठेवून घेतला. चौघांत सारखं काय, तर चित्राचा एक तिरका छेद आणि कोपऱ्यांची गोलाई. हिशेब-साठ्याची तक्रार बंद झाली. अहवालाचा आयकॉन मात्र रंगवलेल्या थीममध्ये अजून फसतो, त्याचे आलेखाचे तीन दांडे लांबून एकावर एक रचलेल्या खोक्यांसारखे दिसतात. सध्या दांड्यांच्या जागी वर्तुळाची फोड बसवून पाहतोय.